जाळीचा आस केवढा?

एमआरएफचा एक शेअर लाख रुपयांच्या घरात. व्होडाफोन आयडियाने एप्रिल २०२४ मध्ये एफपीओ काढला तेव्हा त्याचा भाव ११ रुपये. तरीही त्या वर्षीच्या जूनपर्यंत एनएसईवर दोन्ही शेअरांसाठी भावाची सगळ्यात लहान पायरी एकच होती, पाच पैसे. अकरा रुपयांत पाच पैसे म्हणजे जवळजवळ अर्धा टक्का. लाखात पाच पैसे म्हणजे काहीच नाही. तिथे दुसऱ्याच्या पुढे रांगेत घुसायला पाच पैसे जास्त बोलले की काम झाले. एनएसईने आधी अडीचशे रुपयांखालच्या शेअरांची पायरी एक पैशावर आणली. मग १५ एप्रिल २०२५ पासून पूर्ण तक्ताच बदलला. अडीचशेखाली एक पैसा, हजारापर्यंत पाच पैसे, पाच हजारांपर्यंत दहा पैसे, दहा हजारांपर्यंत पन्नास पैसे, वीस हजारांपर्यंत एक रुपया आणि त्यावर पाच रुपये.

बाजाराने हा जो प्रश्न सरकारी थाटात सोडवला, तोच ग्रिड ट्रेडिंग करणारा प्रत्येक माणूस आपल्या वहीत किंवा मोबाइलवर सोडवत असतो. भावाच्या दोन पायऱ्यांमध्ये अंतर किती ठेवायचे? रुपयांत ठेवायचे की टक्क्यांत? सगळीकडे सारखे ठेवायचे की खाली जाताना वाढवत न्यायचे?

ग्रिड ट्रेडिंग कळायला अवघड नाही. एखादा ईटीएफ २०० रुपयांवर आहे. १९८, १९६, १९४ अशा प्रत्येक पायरीवर दहा-दहा युनिटची खरेदी लावून ठेवायची. १९८ ला घेतलेला माल २०० ला विकायचा, १९६ चा १९८ ला. भाव कुठे जाणार याचा अंदाज बांधायचा नाही. तो हलणार एवढेच गृहीत धरायचे. जितके हेलकावे, तितके दोन-दोन रुपये. मासेमारीत जाळ्याच्या छिद्राच्या मापाला ‘आस’ म्हणतात. आस बारीक ठेवला तर चिंगळ्याही अडकतात, पण जाळे जड होते आणि गाळ-कचरा सोबत येतो. मोठा ठेवला तर मोठेच मासे मिळतात आणि बराच वेळ हात रिकामे राहतात. इथवर उपमा चालते. पुढे ती तुटते, कारण बाजारात जाळे टाकणाऱ्यालाच समुद्र कधीकधी ओढून नेतो.

सुरुवात सगळ्यात जास्त चर्चिल्या जाणाऱ्या वादापासून करू: समान रुपयांच्या पायऱ्या की समान टक्क्यांच्या? क्रिप्टोच्या बॉट पुरवणाऱ्या ॲपमध्ये हे दोन पर्याय अंकगणिती आणि भूमिती अशा नावांनी समोर येतात आणि नवखा माणूस तिथेच थबकतो. १०० ते ४०० असा पट्टा घेऊन त्याचे दहा भाग पाडले तर अंकगणिती पायरी ३० रुपयांची होते. तळाशी १०० ला घेऊन १३० ला विकले की ३० टक्के सुटतात. माथ्याशी ३७० ला घेऊन ४०० ला विकले की आठ टक्के. म्हणजे एकाच जाळीत खाली आस मोठा, वर बारीक. भूमिती पद्धतीत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा १४.९ टक्क्यांनी वर असते: १००, ११५, १३२, १५२, १७४, २०० आणि मग ४०० पर्यंत. इथे २०० च्या खाली पाच पायऱ्या आणि वर पाच. अंकगणिती जाळीत २०० च्या खाली जेमतेम तीन पायऱ्या बसतात, बाकी सगळ्या वर. ज्या वस्तूचा भाव वर्षभरात चौपट-पाचपट फिरतो तिथे हा फरक खरा असतो. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरला टेकला आणि बरोबर वर्षभराने साडेपंधरा हजारांच्या आसपास आला. त्या प्रवासात दोन-दोन हजार डॉलरची जाळी लावणाऱ्याला वरती तीन टक्क्यांच्या आणि खालती बारा-तेरा टक्क्यांच्या पायऱ्या मिळाल्या असत्या. हे त्याने ठरवून केलेले नसते, झालेले असते.

पण पट्टा अरुंद असेल तर हा वाद पोकळ आहे. ९५ ते १०५ या पट्ट्याचे दहा भाग केले तर रुपयाची पायरी तळाशी १.०५ टक्के आणि माथ्याशी ०.९६ टक्के. भूमिती पद्धतीत ती सगळीकडे एक टक्का. या फरकावर तास घालवण्यापेक्षा ब्रोकरचे दरपत्रक वाचलेले बरे.

टक्क्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र ठाम आहे आणि तो सहसा कुणी मांडत नाही: बोनस. रिलायन्सने एकास एक बोनस दिला तेव्हा, २८ ऑक्टोबर २०२४ रोजी, शेअरचा भाव सुमारे २,६५० वरून एका रात्रीत १,३३० च्या आसपास आला. घसरण नव्हती, नुसती वाटणी. ज्याने ‘दर पन्नास रुपयांना’ असा नियम लिहून ठेवला होता त्याची पायरी दोन टक्क्यांखालून एकदम पावणेचार टक्क्यांवर गेली. ज्याने ‘दर दोन टक्क्यांना’ लिहिले होते त्याला फक्त भाव आणि नग बदलून मांडावे लागले.

आता खऱ्या प्रश्नाकडे. रुपये असोत की टक्के, अंतर मोठे की लहान?

इथे बहुतेक चर्चा एका जागी घसरते. लहान अंतर म्हणजे जास्त सौदे, म्हणून जास्त नफा, असे धरले जाते. भाव अगदी दिशाहीन फिरतो असे मानले तर गणित काय सांगते ते पाहू. दिशाहीन फिरणाऱ्या भावाला दुप्पट अंतर कापायला चौपट वेळ लागतो. दोन रुपयांची पायरी चार रुपयांची केली तर सौदे पाव होतात, प्रत्येक सौद्यातली कमाई दुप्पट होते, म्हणून एकूण कमाई निम्मी. बारीक जाळी जिंकली! थांबा. भाव २०० वरून १६० पर्यंत घसरला असे धरा. दर पायरीला दहा युनिट घेणाऱ्या दोन रुपयांच्या जाळीने वीस खरेद्या केल्या. त्याच्याकडे २०० युनिट, सरासरी भाव १७९ आणि कागदावर तोटा ३,८०० रुपये. चार रुपयांच्या जाळीने दहा खरेद्या केल्या. १०० युनिट, सरासरी १७८, तोटा १,८००. तोटाही जवळपास निम्मा. म्हणजे कमाई ज्या प्रमाणात वाढली त्याच प्रमाणात खड्डाही खोल झाला. चार रुपयांच्या जाळीत दहाऐवजी वीस युनिट घेतले की कमाई आणि तोटा दोन्ही पुन्हा बारीक जाळीच्या बरोबरीला येतात.

या हिशेबाचा अर्थ रोखठोक आहे. ठरलेल्या नगांनी खेळणाऱ्यासाठी पायरीचे अंतर हे नफा वाढवण्याचे बटण नाही. ते उधारी वाढवण्याचे बटण आहे. बारीक जाळी म्हणजे त्याच भांडवलावर जास्त माल उचलणे. आणि दिशाहीन बाजारात विकून मिळालेला नफा व पडून राहिलेल्या मालाचा तोटा यांची बेरीज सरासरीने शून्यावरच येते, आस केवढाही असो. ॲपच्या पडद्यावर ‘ग्रिड नफा’ हिरव्या अक्षरांत वेगळा दिसतो आणि पडीक मालाचा तोटा दुसऱ्या ओळीत. म्हणून पहिली ओळ बघून अंतर ठरवणारा माणूस नेहमी बारीककडे झुकतो.

शून्य झाल्यावर उरतो तो खर्च, आणि खर्चात मात्र बारीक आणि जाड जाळी एकसारख्या नाहीत.

भारतात डिलिव्हरीने शेअर घेतला तर खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवर ०.१ टक्का एसटीटी, खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, बाजाराचे शुल्क, त्यावर जीएसटी. शिवाय विकताना डिमॅटमधून शेअर काढण्याचे डीपी शुल्क, जे बऱ्याच ब्रोकरांकडे पंधरा-वीस रुपये असते. दलाली शून्य धरली तरी दहा हजारांच्या एका फेरीला सुमारे ३८ रुपये जातात, म्हणजे ०.३८ टक्के. एक टक्क्याच्या पायरीतून शंभर मिळाले, त्यातले ३८ गेले. अर्ध्या टक्क्याच्या पायरीतून पन्नास मिळाले, तरी ३८ गेलेच. तीच फेरी पन्नास हजारांची केली तर खर्च पाव टक्क्यावर येतो. आणि शेअरऐवजी निफ्टीचा ईटीएफ घेतला तर चित्रच पालटते, कारण त्याच्या विक्रीवर एसटीटी फक्त ०.००१ टक्का आहे आणि खरेदीवर नाहीच. पन्नास हजारांच्या फेरीला जेमतेम २७ रुपये. देशातला पहिला ईटीएफ निफ्टीबीज २००१ च्या डिसेंबरमध्ये आला. आज घरच्या घरी जाळी लावणारे त्याच्याकडे का वळतात याचे उत्तर निफ्टीच्या प्रेमात नाही, या करात आहे. आणखी एक बारकावा: डीपी शुल्क ऑर्डरमागे नाही, एका कंपनीच्या शेअरांमागे दिवसाला एकदाच लागते. एकाच दिवशी तीन पायऱ्यांवर विक्री झाली तर ते तिघांत वाटले जाते.

खर्च लक्षात घेतला की एक सोपे गणित निघते. दिशाहीन बाजारात, ठरलेल्या नगांनी, खर्च वजा जाता पडद्यावरचा नफा सगळ्यात जास्त कधी होतो? पायरी एका पूर्ण फेरीच्या खर्चाच्या दुप्पट असते तेव्हा. फेरीला ०.३८ टक्के जात असतील तर पाऊण टक्का. त्याहून बारीक केली की खर्च नफा गिळतो, जाड केली की सौदे घटतात. पण हा सूत्रातला ‘सगळ्यात जास्त’ पडद्यावरच्या पहिल्या ओळीचा आहे, हे विसरता येत नाही. दोन्ही ओळी धरल्या तर दिशाहीन बाजारात जितकी जाड जाळी तितका तोटा कमी, कारण उरतो तो फक्त खर्च. म्हणून खर्चाच्या दुप्पट ही पायरीची तळरेषा समजावी, लक्ष्य नव्हे.

गंमत म्हणजे युनिस्वॅप या क्रिप्टो अदलाबदलीच्या मंचाच्या, मे २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हीच चौकट संगणकाच्या नियमात बांधलेली आहे. तिथे भावाची प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या १.०००१ पट असते, म्हणजे शुद्ध भूमिती जाळी. पण प्रत्येक खुणेवर पैसे ठेवता येत नाहीत. ०.०५ टक्के शुल्काच्या गटात दर दहाव्या खुणेवर, ०.३ टक्क्यांच्या गटात दर साठाव्या, एक टक्क्याच्या गटात दर दोनशेव्या. हिशेब केला तर पायऱ्या ०.१, ०.६ आणि दोन टक्क्यांच्या निघतात. प्रत्येक वेळी शुल्काच्या दुप्पट, म्हणजे जाऊन-येऊन द्यावे लागणारे शुल्क.

शेअर आणि रोख यांच्यातला जाळीवाल्याचा हा झोका नवा नाही. माहिती-सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये व्याख्यानात सांगत असे: अर्धे पैसे शेअरमध्ये, अर्धे रोख. शेअर दुप्पट झाला की वरचे विकून पुन्हा निम्मेनिम्मे करायचे; निम्मा झाला की उलट. शेअर शंभरावरून दोनशेला जाऊन पुन्हा शंभराला आला, तरी शंभर रुपयांचे ११२ रुपये ५० पैसे होतात. विल्यम पाउंडस्टोनच्या ‘फॉर्च्यून्स फॉर्म्युला’ या २००५ च्या पुस्तकात ही हकिगत येते, आणि त्याच पुस्तकात हेही येते की स्वतः शॅनन ही युक्ती वापरत नव्हता. कारण दलाली सगळे खाऊन टाकते. १९७७ मध्ये रॉबर्ट लिचेलो या अमेरिकन लेखकाने सामान्य वाचकासाठी अशीच एक यांत्रिक पद्धत पुस्तकात मांडली. तिच्यात दहा टक्क्यांचा एक ‘धीर धरायचा’ पट्टा होता, जेणेकरून प्रत्येक किरकोळ हालचालीला सौदा होऊ नये. आजच्या भाषेत तो आसच.

भाव दिशाहीन असतो हे गृहीतक इथवर ताणले. बाजार तसा नसतो, म्हणून तर अंतराचा प्रश्न उरतो. संशोधन पाहिले तर भावाचा स्वभाव काळाच्या मापानुसार बदलतो. काही मिनिटांत भाव खरेदीदर आणि विक्रीदर यांच्यामध्ये नुसता टप्पे खात असतो; रिचर्ड रोलने १९८४ मध्ये याच टप्प्यांतून दरातला फरक मोजायची रीत काढली. आठवडा-महिन्याच्या मापावर एकेकटे शेअर थोडे उलटे फिरतात. तीन महिने ते वर्ष या मापावर चढणारा चढत राहतो, पडणारा पडत राहतो; याला चाल म्हणू. जगदीश आणि टिटमन यांचा १९९३ चा शोधनिबंध त्यावरचा. तीन ते पाच वर्षांच्या मापावर पुन्हा उलटे फिरणे दिसते, जे द बाँट आणि थेलर यांनी १९८५ मध्ये दाखवले. म्हणजे पायरीचे अंतर निवडणे म्हणजे नकळत काळाचे माप निवडणे. अर्ध्या टक्क्याची पायरी मिनिटा-तासांच्या टप्प्यांवर पैज लावते, आणि ते टप्पे व्यावसायिक मार्केट मेकर किरकोळ खेळाडूच्या आधी उचलतात. दोन-तीन टक्क्यांची पायरी आठवड्यांच्या हेलकाव्यावर. दहा-पंधरा टक्क्यांच्या पायऱ्या भरून निघायला महिने लागतात, आणि ते नेमके चालीचे माप असते, जिथे जाळी प्रवाहाच्या विरुद्ध उभी राहते. या लेखकाचे मत विचाराल तर शेअर-ईटीएफच्या जाळीत निवडीला वाव खरा आहे तो दीड ते चार टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात. त्याखाली खर्च आणि व्यावसायिक, त्यावर चाल.

दोन उदाहरणे. ४ जून २०२४, लोकसभा निकालाचा दिवस. आदल्या दिवशी सव्वातीन टक्के चढलेला निफ्टी त्या दिवशी ५.९३ टक्के कोसळून २१,८८४ वर बंद झाला आणि ७ तारखेला पुन्हा २३,२९० वर होता. नुसते बंद भाव धरले तर एक टक्क्याच्या जाळीने या चार सत्रांत पाच-सहा फेऱ्या पूर्ण केल्या असत्या. सात टक्क्यांच्या जाळीने एकही नाही. आता त्याच वर्षाचा सप्टेंबर घ्या. २७ तारखेला निफ्टी २६,२७७ ला शिवला आणि मग फेब्रुवारीपर्यंत सलग पाच महिने घसरत राहिला, १९९६ नंतर पहिल्यांदाच. मार्चच्या सुरुवातीला तो २२ हजारांखाली जाऊन आला. एक टक्क्याच्या जाळीने इथेही मध्ये मध्ये विक्री केली असती, पण तळाशी पोचेपर्यंत तिच्या हातात सतरा-अठरा पायऱ्यांचा माल असता. दोन्ही प्रसंग एका वर्षाच्या आतले, एकाच निर्देशांकाचे.

मग अंतर हलत्या बाजारानुसार बदलावे का? बहुतेक जाणते ‘हो’ म्हणतात आणि वेल्स वाइल्डरच्या १९७८ च्या पुस्तकातल्या एटीआरचा आधार घेतात. एटीआर म्हणजे दिवसाची सरासरी खरी हालचाल, सहसा चौदा दिवसांची. एखादा शेअर रोज सरासरी तीन टक्के हलत असेल तर एक टक्क्याची पायरी म्हणजे एकाच सत्रात तीन-तीन ऑर्डर. निफ्टीच्या ईटीएफसाठी तीच पायरी पूर्ण दिवसाची. निर्देशांकासाठी याहून सोपे माप आहे, इंडिया व्हिक्स. तो वर्षाच्या चढउताराचा अंदाज देतो. सोळाने भागले की दिवसाचा निघतो. व्हिक्स १६ असेल तर दिवसाला एक टक्का. २४ मार्च २०२० रोजी तो ८३ च्या वर होता, म्हणजे दिवसाला पाच टक्क्यांहून जास्त. त्याच्या आदल्या दिवशी निफ्टी एका सत्रात १३ टक्के पडला होता. शांत दिवसांत बांधलेली एक टक्क्याची जाळी तेव्हा एका दिवसात तेरा पायऱ्या खाली आली, आणि सकाळी बाजार उघडतानाच्या गॅपमुळे त्यातल्या काही पायऱ्यांवर भाव थांबलाच नाही.

एटीआरने अंतर वाढवण्यात एक खोच आहे. व्हिक्स चढतो तेव्हा भाव बहुधा पडलेला असतो. म्हणजे नवी, जाड जाळी तळाशी लागते आणि जुनी, बारीक जाळी वरचा महाग माल घेऊन बसलेली असते. जाळी बदलणाऱ्याने जुन्या मालाचे काय करायचे हे आधी लिहून ठेवले नाही, तर एटीआर फक्त मनाचे समाधान करतो. वर बारीक आणि खाली वाढत जाणारी जाळी, म्हणजे पहिली पायरी एक टक्का, मग दीड, मग सव्वादोन, ही याच अडचणीवर उपाय म्हणून वापरली जाते. भांडवल तळासाठी राखून ठेवण्याचे काम ती बरे करते. याउलट अंतर सारखे ठेवून प्रत्येक पायरीला माल दुप्पट करणे हे वेगळे काही नसून जुन्या जुगाऱ्याचे दुप्पट लावणेच आहे. दहाव्या पायरीवर पहिल्याच्या ५१२ पट माल.

गोल आकड्यांचाही एक छोटा पण उपयोगी मुद्दा. कॅरल ऑस्लर यांनी परकीय चलनाच्या बाजारातल्या ग्राहकांच्या ऑर्डरी तपासून २००३ मध्ये दाखवले की नफा घेण्याच्या ऑर्डरी अगदी गोल आकड्यावर गोळा होतात, आणि तोटा तोडणाऱ्या ऑर्डरी त्याच्या जरा पलीकडे. म्हणून भाव गोल आकड्याजवळ येऊन मागे फिरतो, आणि तो ओलांडला की वेगाने पुढे जातो. ५०० रुपयांवर विक्री लावण्यापेक्षा ४९९ रुपये ६० पैशांवर लावणारा रांगेत आधी उभा राहतो. अंतरात एवढी चाळीस पैशांची गडबड चालते. जाळी रेखीव दिसण्याचे पैसे मिळत नाहीत.

बारीक जाळीचे आकर्षण आकडेही उतरवतात. जुलै २०२४ मधल्या सेबीच्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. तोट्यातल्या लोकांनी आपल्या तोट्याच्या ५७ टक्के इतकी रक्कम वर खर्चात घातली होती.

सगळ्यात महागडी चूक मात्र अंतराची नसते, पट्ट्याची असते. अंतर कितीही शहाणपणाने काढले तरी ते पट्ट्याच्या आत शहाणे असते. स्विस राष्ट्रीय बँकेने ६ सप्टेंबर २०११ रोजी जाहीर केले की एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. पुढची सव्वातीन वर्षे तिने ते वचन पाळले. २०१४ च्या शेवटी भाव १.२० ते १.२१ च्या चिंचोळ्या फटीत घुटमळत होता. बारीक जाळीसाठी याहून सुंदर जागा सापडणे कठीण, तळाला मध्यवर्ती बँक स्वतः उभी. १५ जानेवारी २०१५ च्या सकाळी बँकेने ते वचन मागे घेतले. काही मिनिटांत भाव एकच्या खाली गेला. १.२० आणि १.०० यांच्यामध्ये खरेदीदार नव्हतेच, त्यामुळे मधल्या पायऱ्या कागदावरच राहिल्या. अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी बुडाली. एफएक्ससीएम या दुसऱ्या ब्रोकर कंपनीला ल्यूकाडियाकडून ३० कोटी डॉलरची तातडीची मदत घ्यावी लागली. भारतात २०२३-२४ मध्ये डॉलर-रुपया ८२ ते ८४ मध्ये अडकलेला पाहून ज्यांना तशाच जाळीचा मोह झाला, त्यांना २०२५ च्या फेब्रुवारीत डॉलर ८७ ओलांडताना दिसला.

टक्क्यांच्या जाळीला एक तळ नेहमी आपोआप मिळतो असे वाटते, कारण टक्क्यांनी उतरत गेले तर शून्य कधी येत नाही. २० एप्रिल २०२० ला तेही खोटे ठरले. अमेरिकेतले कच्चे तेल उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाले. मुंबईच्या एमसीएक्सवर लॉकडाउनमुळे व्यवहार संध्याकाळी पाचलाच थांबले होते, तेव्हा एप्रिलचा वायदा ९६५ रुपयांच्या आसपास होता; हिशेब मात्र उणे २,८८४ रुपयांवर झाला. शंभर पिंपांच्या एका लॉटमागे जवळपास ३ लाख ८५ हजारांचा खड्डा, आणि मध्ये एकाही पायरीवर विकायला बाजार उघडा नव्हता.

येस बँकेची गोष्ट याहून संथ आणि म्हणून जास्त बोलकी. ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या वर असलेला शेअर ६ मार्च २०२० रोजी साडेपाच रुपयांच्या आसपास आला. पाच टक्क्यांची जाळी लावली असती तर या वाटेवर सुमारे ८४ पायऱ्या लागल्या असत्या. २० रुपयांच्या पायऱ्या जेमतेम वीस, आणि शेवटच्या पायरीनंतर मोजायला भावच उरत नाही. तळावरून तो काही दिवसांत ऐंशीच्या वरही उसळला. जाळीवाल्याला वाटेल, हाच तो क्षण. पण १३ मार्चच्या पुनर्रचना योजनेने शंभर किंवा त्याहून जास्त शेअर असणाऱ्यांच्या ७५ टक्के शेअरांवर तीन वर्षांची बंदी घातली होती. भाव पायरीवर आला, माल खात्यात होता, आणि विकता येत नव्हता.

करही जाळीशी फटकून वागतो. ग्रिडवाला मनात शेवटी घेतलेला माल आधी विकतो: १९८ चा २०० ला. आयकर मात्र डिमॅटमधल्या शेअरांना आधी आलेला आधी गेला असे मानतो. म्हणून भाव २०० वरून १६० ला येऊन मध्ये-मध्ये विक्री झाली असेल तर वहीत नफा दिसतो आणि करविवरणात जुन्या १९८ च्या मालाचा तोटा. तेजीत याच्या उलट. जुलै २०२४ पासून वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के कर आहे. क्रिप्टोत तर जाळीचे गणितच मोडते: एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर, एका सौद्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायची सोय नाही, आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस. तो परत मिळतो, पण वर्षाचे विवरण भरल्यावर. पूर्ण भांडवल पन्नास वेळा फिरले तर नफा-तोटा सोडून नुसत्या टीडीएसमध्ये ३९ टक्के पैसे अडकतात. अर्ध्या टक्क्याची पायरी लावणाऱ्या बॉटची जाहिरात भारतीय माणसाला दाखवली जाते तेव्हा हा आकडा कुठेच नसतो.

उरते रोजच्या वापरातली एक किरकोळ अडचण. टक्क्यांची जाळी आकडे रेखीव देत नाही. २४३.८१ वर दोन टक्के चढवले की २४८.६९, त्यावर पुन्हा दोन टक्के की २५३.६६. असे भाव एक पैशाच्या पायरीतच बसतात. ते चालतील की नाही हे शेअर मागच्या महिनाअखेरीस कुठे बंद झाला यावर ठरते, कारण एनएसई आपली पायरी महिन्याच्या शेवटच्या बंद भावावरून पुढच्या महिन्यासाठी ठरवते. तो २४९ ला बंद झाला असेल तर २५३.६६ ची विक्री पुढचा पूर्ण महिना लागू शकते. २५१ ला बंद झाला असेल तर पायरी पाच पैशांची होते आणि तीच ऑर्डर परत येते, २५३.६५ असे लिहून ती नव्याने टाकावी लागते.